सोडियमपर्यंत आलेला वर्ग

पाणी उकळलं की त्यातलं काय मरतं आणि काय मरत नाही, हे तुम्हाला नक्की माहीत आहे? कधीतरी शाळेत वाचलं होतं, इतपत नव्हे. घरातल्या तान्ह्या मुलाला ते पाणी पाजताना छातीवर हात ठेवून सांगता येईल, इतकं माहीत आहे? मला माहीत नव्हतं. विज्ञान घेऊन बारावी झालेली, पाण्याच्या प्रश्नावर पाच-सहा पत्रकं लिहून वाटलेली मी, मित्रा, तरीही नव्हतं. ज्यांनी ते मला शिकवलं, त्या आमच्या नसीम मुकादम बाई दीड महिन्यापूर्वी गेल्या.

त्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला सुमनमावशींचा फोन आला. सुमनमावशी चिंचकोंडात राहतात. पोलादपूरहून जीपने वर गेलं की डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरांची ही वस्ती, आमच्याकडच्या भाषेत कोंड, लागते. बाई निवृत्त झाल्यावर दर रविवारी तिथे जाऊन मोठ्या माणसांना अणूचा धडा शिकवत. होय, मोठ्या माणसांना, आणि आठवीच्या पुस्तकातला धडा. "मित्रा गो, बाई नाय आल्या अजून," सुमनमावशी म्हणाल्या. "सगळी बसून हायत. फोन पण उचलत नाय." मी म्हटलं, एसटी चुकली असेल. बाईंची एसटी कधी चुकत नाही हे मला माहीत होतं, तरी म्हटलं. मग महाडला त्यांच्या घरी फोन लावला. पुतण्याने उचलला. पहाटे नमाजाला उठल्या, हात-तोंड धुऊन वजू केला, चटईवर बसल्या आणि तिथेच कलंडल्या, एवढंच त्याला सांगता आलं. "दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन आहे. तुमच्याकडे कुणाला कळवायचं असेल तर कळवा." चिंचकोंडात पुन्हा फोन मलाच करावा लागला. मी सुमनमावशींना सांगितलं. त्यांच्यामागून कुणीतरी विचारत होतं, "निघाल्या का बाई? कुठवर आल्या?..."

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते आठवीच्या वर्गात. पोलादपूरच्या आमच्या शाळेत त्या महाडहून रोज एसटीने येत. डोक्यावरून घेतलेली ओढणी, तिच्या एका टोकाला कायम खडूची पूड, आणि हातात डब्याची पिशवी. माझ्या वडिलांचा पोलादपुरात छोटा छापखाना. लग्नपत्रिकांवर घर चालायचं, पण वडिलांचा जीव पत्रकांत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वर्धापनदिनाला महाडला जायचं आणि येणाऱ्या माणसांच्या हातात पत्रकं द्यायची, हा आमच्या घरचा सण. त्यामुळे मला लहानपणापासून मोठे शब्द वापरायची सवय. बाईंच्या वर्गात ती सवय चालायची नाही. त्यांनी एका शब्दावर बंदी घातली होती: काहीतरी. "सर, परीक्षानळीत काहीतरी पिवळं आलं," असं कुणी म्हटलं की त्या आधी "मी सर नाही, बाई आहे," असं सुनावायच्या आणि मग म्हणायच्या, "काहीतरी नावाचा पदार्थ जगात नाही. नाव सांग. येत नसेल तर माहीत नाही म्हण. त्यात लाज नाही."

अणूची रचना त्यांनी आम्हाला पंगत मांडून शिकवली. फळ्यावर मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. बाहेर इलेक्ट्रॉनांच्या ओळी. पहिल्या ओळीत दोन पानं, दुसरीत आठ. आतली ओळ भरल्याशिवाय बाहेर कुणी बसायचं नाही. मग सोडियम आला, अकरा इलेक्ट्रॉनांचा. दोन बसले, आठ बसले, अकरावा बाहेर एकटा. "एकटा बसलेला काय करेल?" बाईंनी विचारलं. सुमनमावशींचा महेश माझ्याच वर्गात होता, रोज दीड तास डोंगर उतरून यायचा. तो मागच्या बाकावरून म्हणाला, "उठून जाईल." "बरोबर," बाई म्हणाल्या. परीक्षेत महेशने लिहिलं, 'सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन मुंबईला जातो.' बाईंनी त्याला अर्धा गुण दिला आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'मुंबईला नाही, क्लोरीनकडे.' सगळा वर्ग हसला. महेश मात्र पेपर घेऊन बाईंच्या टेबलाशी गेला. त्याचे वडील आणि थोरला भाऊ तेव्हा मुंबईतच होते. "बाई, एक जण गेला तर घर उणं होतं," तो म्हणाला. "मग ह्या सोडियमवर अधिकचं चिन्ह कसं?" बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "अकरा प्रोटॉन, अकरा इलेक्ट्रॉन. जोड्या लाव. आता एक इलेक्ट्रॉन गेला. मागे कोण उरलं?" महेश बोटं मोजून म्हणाला, "एक प्रोटॉन. जोडीदार नसलेला." "ते अधिक," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान तेव्हा कुवेतला होते. पुढच्याच वर्षी ते तिकडेच वारले. बाई चाळीस दिवसांनी शाळेत आल्या, हजेरी घेतली, आणि राहिलेला धडा पुढे सुरू केला. आम्हा मुलांना एवढंच सुचलं: आम्ही त्यांचा फळा दोनदा पुसून ठेवला होता.

शाळा संपली. महेश दहावीनंतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागला, मी कॉलेज करता करता पत्रकं लिहू लागले. बाई निवृत्त झाल्या. महेशच्या लग्नाला त्यांना आग्रहाने बोलावणं होतं. एप्रिलचा महिना, कोंडातल्या विहिरीने तळ गाठलेला, टँकर आठवड्यातून एकदा. पण दारोदारी निळी प्लास्टिकची पिंपं भरून ठेवलेली. भंगारवाल्याकडून कारखान्यांतली रिकामी पिंपं आणायची, दोन-चार वेळा धुवायची, वास गेला की पाणी साठवायचं, ही आमच्या भागातली सर्रास रीत आहे. वास गेला म्हणजे आतलं गेलं, असं सगळेच धरून चालतात. सुमनमावशींनी बाईंना तांब्याभर पाणी दिलं. बाईंनी तांब्या उजेडात तिरका केला, पाणी तसंच ठेवलं आणि उठून पिंपापाशी गेल्या. लग्नघरात सगळ्यांदेखत त्या पिंपाचं खरवडलेलं लेबल नखाने उकरत बसल्या. मी तिथेच होते.

"उकळून देत्ये बाई," सुमनमावशी ओशाळून म्हणाल्या. "आजारी नाय पडायच्या तुम्ही."

"उकळून जंतू मरतात, सुमनताई. अणू मरत नाही."

"मग आनखी दोन फाटी घालत्ये चुलीत. चांगला तासभर उकळवत्ये."

"दिवसभर उकळवा. हे क्रोमियम आहे." लेबलावर अर्धंच नाव उरलं होतं, ते त्यांनी वाचलं. "त्याच्या केंद्रकात चोवीस प्रोटॉन. तुमची चूल पोचते ती बाहेरच्या ओळीपर्यंत. केंद्रकापर्यंत कुठलीच चूल पोचत नाही. चोवीस आहेत तोवर ते क्रोमियमच. पाणी आटेल, ते तळाला राहील." मग त्या मांडवाकडे वळल्या. मुंडावळ्या बांधलेला महेश खाली मान घालून उभा होता. हे पिंप त्यानेच आणलं होतं. "महेश, आठवीत तुला अर्धा गुण दिला होता ना? तो परत घेते." मांडवात हशा झाला. महेशही हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिथे पाण्याचा थेंबही घेतला नाही, आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे बघत राहिल्या.

इथून पुढे जे झालं ते लिहायला मला अवघड जातंय, पण ते गाळलं तर हा लेख खोटा होईल. परतीच्या वाटेवर बाई मला म्हणाल्या, "आधी कुठल्या पिंपात काय होतं याची यादी करू. घाई करू नकोस." मी घाई केली. माझं रक्त उसळलं होतं. वडिलांच्या छापखान्यात मी एक पत्रक छापलं. 'तुमच्या पिंपात विष आहे! आजच फेकून द्या!' वर जाड अक्षरं, खाली माझं नाव. जीपच्या थांब्यावर, बाजारात, चिंचकोंडात घरोघरी मी ते वाटलं. बाईंना दाखवलं नाही. लोकांनी माझं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्रकाचं कुणीतरी तंतोतंत ऐकलं. तिसऱ्या दिवशी कोंडातली निम्मी पिंपं खालच्या ओढ्यात पडलेली होती. काही तर लोकांनी ओढ्याच्या डबक्यात खळखळून धुवून मग टाकली होती. त्याच डबक्यात गुरं पाणी पितात, आणि तोच ओढा पुढे सावित्री नदीला मिळतो.

बाईंना महेशने कळवलं. मी पोचले तेव्हा त्या ओढ्यात उतरल्या होत्या. साठी गाठलेली बाई, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, हातात शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेले रबरी मोजे. महेश आणि त्या एकेक पिंप ओढून काठावर आणत होते. मला बघून त्यांनी मोज्यांची दुसरी जोडी माझ्याकडे फेकली. दुपारपर्यंत आम्ही पिंपं ओढत राहिलो. सगळी पिंपं काठावर आल्यावर त्यांनी महेशकडून प्रत्येकाच्या बुडाला भोकं पाडून घेतली, म्हणजे पुन्हा कुणी त्यात पाणी भरू नये. मग पिशवीतून माझं पत्रक काढलं. त्यावर लाल शाई होती, आठवीच्या पेपरावर असायची तशीच. 'विष' या शब्दाभोवती गोल आणि समासात, 'कुठलं? नाव लिही.' 'फेकून द्या'च्या पुढे, 'कुठे?' मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तुझा राग खरा आहे, मित्रा. पण तुला माहीत नव्हतं, आणि तू माहीत असल्यासारखं लिहिलंस."

बायकांनी बाईंना गाठून जे सुनावलं, ते खरं तर मला सुनावायला हवं होतं. ऐन एप्रिलात पिंपं गेली, टँकर आला की पाणी भरायचं कशात? "शिकलेली माणसं सांगून जातात, डोक्यावर हंडे आमच्या," एक म्हातारी म्हणाली. बाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटी सुमनमावशीच म्हणाल्या, "बाई, पुढल्या वर्षी आनखी पिंपं येतील. तुम्ही काय दर वेळी लेबल उकरायला येणार हाव? कोणचं चांगलं, कोणचं वाईट, ते आमचं आम्हाला कळू दे. शिकवा आम्हाला." बाई म्हणाल्या, "रविवारी येते."

आणि त्या आल्या. देवळाच्या सभामंडपात वर्ग भरवायचं ठरलं तेव्हा बाईंनीच विचारलं, "माझं इथे बसणं चालेल ना?" गावकीतले दगडूबाबा म्हणाले, "बसा की. देवाला पण जरा कळू दे अणू." पहिल्या रविवारी सात जण होते, बहुतेक बायका. लेबलं वाचायला शिकवायचं तर बाई अणूपासून का सुरू करतात, हे मला कळेना. मी म्हटलंदेखील. त्या म्हणाल्या, "नावं पाठ करून घेतली तर नव्या नावापुढे अडतील. नाव कशाचं असतं ते आधी कळलं पाहिजे." त्यांनी देवळापुढच्या मोकळ्या खळ्यावर सगळ्यांना उभं केलं. मधोमध केंद्रक म्हणून कुणाला उभं करायचं, यावर वाद झाला. सुमनमावशी म्हणाल्या, "मधे बायकाच ठेवा. त्या कुठं जात नाय. हे बाप्ये बाहेरच्या ओळीतले, आज हाय उद्या मुंबयला." खळ्यावर जे हसू उसळलं, त्यात बाईंचाही आवाज होता. तसं मोकळं हसताना मी त्यांना शाळेत कधीच पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी तांदळाचा एक कण मंडपाच्या मध्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे केंद्रक धरलं, तर इलेक्ट्रॉन खाली जीप थांबते तिथवर." "न् मधे काय?" दगडूबाबांनी विचारलं. "काही नाही. रिकामं." बाबांनी मागच्या खांबावर हात थापटला. "सगळंच रिकामं, तर मी ह्या खांबाला टेकतो तो आरपार का नाय जात?" बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी विसरणार नाही. "बाबा, तीस वर्षांत एकाही मुलाने मला हे विचारलं नाही," त्या म्हणाल्या. आणि मग खांबाचे इलेक्ट्रॉन पाठीच्या इलेक्ट्रॉनांना जवळ कसे येऊ देत नाहीत, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. शेवटी हेही सांगितलं, की ही वर्तुळं आणि ओळी आपण समजण्यासाठी काढतो, खरे इलेक्ट्रॉन असे शिस्तीत बसत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःलाही फार थोडं माहीत आहे. मंडपात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी त्या वर्गाला अधूनमधून जायचे. मला मनातून तो कमी वाटायचा. इकडे कंपन्यांना, अधिकाऱ्यांना जाब विचारायचा सोडून तांदळाचे कण काय मांडायचे... शेवटची भेट झाली ती पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, बाई गेल्या त्याच्या आदल्या रविवारी. बाई कोंडातून उतरून महाडच्या गाडीची वाट बघत होत्या. दोन पावलं चालून थांबत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, चढ जरा जास्त झालाय." नंतर म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तू घेशील वर्ग? मी सोडियमपर्यंत आले आहे. सोपं आहे, तुला येतं." मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी आमचा मोर्चा आहे. शुद्ध पाण्यासाठी."

"चांगलं आहे. शुद्ध म्हणजे काय, असं साहेबाने विचारलं तर सांगशील?"

मी हसले. म्हटलं, "तुम्ही आहात ना, तुम्हाला विचारीन."

"मग मीच जाते कोंडात," त्या म्हणाल्या. गाडी आली. चढताना त्यांनी दांड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी पिशवी वर दिली. एवढंच.

दफनाला चिंचकोंडातून दोन जीप भरून माणसं आली. कामाचा गणवेश अंगावर असलेला महेश पाळीवरून तसाच आला होता. पुरुष कब्रस्तानाच्या दाराशी घुटमळत उभे राहिले. आपण काय करायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंच्या पुतण्याने येऊन त्यांना आत नेलं, तीन मुठी माती कशी द्यायची ते दाखवलं. दगडूबाबांनी माती दिली आणि हात न झटकता तसेच बाहेर आले, असं महेशने मला सांगितलं. आम्ही बायका घरात बसलो होतो. सुमनमावशी बाईंच्या जावेला परत परत एकच सांगत होत्या, "आम्ही बसून होताव गो... आम्ही वाट बघत बसून होताव."

त्यानंतरच्या रविवारी मी कोंडात गेले. दफनाच्या दिवशी माझा मोर्चा राहिला होता, पण मोर्चा काय, पुन्हा काढता येईल. बाईंचा धडा मी आठवडाभर पाठ केला होता. मंडपात भिंतीला टेकवलेला फळा होता. त्यावर बाईंच्या अक्षरात सोडियम होता. दोन, आठ, एक. एकट्या इलेक्ट्रॉनापासून निघालेला बाण, आणि बाणाच्या टोकाशी काही नाही. कोंडातल्या कुणी त्याला हात लावला नव्हता. पावसाची झड मंडपात येते म्हणून कुणीतरी वर प्लास्टिकचा कागद बांधला होता. मी दारावर खडूने लिहून शिकवलं. क्लोरीन सांगितला, मीठ सांगितलं. तोवर जमलं. मग सुमनमावशींच्या थोरल्या सुनेने तिच्या माहेरच्या पिंपाचं लेबल पुढे केलं आणि विचारलं, "ह्यातलं कोणचं धुवून जातं न् कोणचं नाय?" तिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं. लेबलावर लांबलचक नाव. मी ते वाचलं. मला त्याचं उत्तर येत नव्हतं. आणि त्या वर्गात मी अंदाजाने उत्तर देऊ शकत नाही. एकदा दिलं होतं, ते बाईंना ओढ्यात उतरून बाहेर काढावं लागलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "मग कोणाला माहीत हाय? त्यांना सांगा, आम्ही बसतो." सहा रविवार झाले. प्रत्येक रविवारी दोन-तीन माणसं कमी होत आहेत. एप्रिल येईल, टँकर येईल आणि पिंपंही येतील.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या, रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला मी विचारते आहे. महाडमध्ये तुमची कमतरता नाही. तुम्ही कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आहात, कॉलेजांत आहात, शाळांतून निवृत्त होऊन घरी बसला आहात. पाळीवर असताना ती लेबलं तुम्ही रोज वाचता. बाईंवर चार शब्द लिहू नका, त्यांची शोकसभा घेऊ नका. एक रविवार काढा. पोलादपूरच्या स्टँडवर उतरून चिंचकोंडाची जीप विचारा, दहा वाजता मंडपात या. ज्याचं उत्तर येतं ते सांगा, येत नाही तिथे येत नाही म्हणा. आणि पहिल्यांदा याल तेव्हा तो फळा तुमच्या हाताने पुसा. आमच्याने तो पुसवत नाही, आणि पुसल्याशिवाय पुढचा धडा लिहायला जागा नाही.